पहिलं शील कोण देणार

माझी मुलगी हरणं मारते. हे लिहायला सोपं आहे, पण विहारात चहाचा कप हातात धरून सांगायला अवघड होतं. तिथे कोणी विचारलं तर मी "जंगलात सरकारी नोकरी आहे" एवढंच सांगायचो. सरकारी म्हटलं की आपल्या माणसांचं समाधान होतं, पुढचं कोणी विचारायचं नाही.

विहार म्हणजे लीड्समधला कौन्सिलचा एक हॉल. रविवारी आणि सणाला आम्ही तो भाड्यानं घेतो. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा आहेत, त्यांच्यावर सतरंज्या टाकतो. टेबलावर पांढरं कापड, त्यावर दोन तसबिरी, पुढे मेणबत्त्या. मेणबत्त्या पेटवायच्या आधी कोणीतरी छतावरच्या फायर अलार्मकडे साशंकपणे बघून घेतं. भंतेजी आमच्याकडे क्वचितच येतात. त्यामुळे आमच्यातलंच कोणीतरी पुढे उभं राहून पंचशील देतं. देणारा एकेक शील म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. माझा आवाज मोठा आहे आणि पाली उच्चार स्पष्ट आहेत. हे मीच नाही, इतरही म्हणतात.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ताईंचा फोन आला. ताई म्हणजे आमच्या विहाराचा कणा. इथल्या हॉस्पिटलात त्या आयुष्यभर मिडवाइफ होत्या. विहारातली अर्धी तरुण मंडळी त्यांच्याच हातावर जन्माला आली, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कोणाची टाप नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, यंदा वैशाख पौर्णिमेला शील तुमच्या मुलीला देऊ द्या. तुम्ही आता बसा जरा. पोरं पुढे यायला हवीत. लहानपणी किती छान म्हणायची ती."

मी लगेच हो म्हटलं. "तुम्ही आता बसा" हे जरा लागलं, पण मुलीसाठी जागा रिकामी करायची म्हटल्यावर आनंदच झाला. तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, बाकीचे सगळे देईन. पहिला नाही."

पहिलं शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं आहे.

"अगं, ते काही कोर्टातलं शपथपत्र नाही," मी म्हणालो. "तसं वागायचा प्रयत्न करीन, एवढाच त्याचा अर्थ. विहारातले सगळे मटण खातात. म्हणतातच ना ते?"

"ते ट्राय तरी करतात, बाबा. मी ट्रायच करत नाही ना. मी सकाळी उठून एक्झॅक्टली ऑपॉझिट करते. सगळ्यांच्या पुढे उभी राहून म्हटलं तर ते खोटं होणार. खोटं न बोलायचा पण एक शील आहे."

मी भूलतज्ज्ञ होतो. लोकांना गप्प करण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण घरातल्या दोघींवर ती विद्या कधी चालली नाही. दुसरी म्हणजे माझी बायको. तिनं भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तिला म्हणावं, त्या दिवशी घसा बसला म्हणून सांग." मुलीला हा उपायही खोट्यातच मोडणारा वाटला.

मला खरी भीती वेगळीच होती. मुलगी इथे जन्मली, इथेच वाढली. मुंबईला ती पाहुणी म्हणून जाते आणि पोट बिघडवून परत येते. आपलं म्हणावं असं तिच्याकडे आमच्याखेरीज एवढंच आहे: हा हॉल, ही माणसं आणि त्यांच्याबरोबर म्हणायच्या या चार ओळी. तिथून ती एकदा सुटली की परत येणार नाही, असं मला वाटायचं. आणि उभं राहून "मी मारते" म्हणाली, तर माणसं तिला ठेवून घेतील का, तेही सांगता येत नव्हतं. तिलाही हे कळत होतं. त्याच फोनवर ती म्हणाली, "मला विहार सोडायचा नाही, बाबा. पण खोटं बोलून राहायचं पण नाही."

शिकारीचं हे खूळ अमेरिकेतून आलं. युनिव्हर्सिटीत असताना वन्यजीवांचा अभ्यास करायला ती एक वर्ष तिकडे होती. तिथे वसंतात जंगली टर्की पक्ष्याची शिकार चालते, आणि तीही सरकारी जमिनीवर. परवाना काढला की कोणीही जावं. पहाटे झाडाला पाठ टेकून बसायचं, लाकडाच्या छोट्या डबीवर तिचं झाकण घासून मादीचा आवाज काढायचा आणि नर येईपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. ती डबी घेऊनच ती परत आली आणि आमच्या स्वयंपाकघरात वाजवून दाखवली. करपलेल्या पातेल्यावर तारेची घासणी फिरवावी तसला आवाज. तिच्या आईनं विचारलं, "याला फसतो नर?" ती म्हणाली, "ऑलवेज." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि कुकर लावायला घेतला.

इथे जंगली टर्कीही नाहीत आणि सरकारी जंगलात कोणीही बंदूक घेऊन शिरावं अशी मुभाही नाही. इथल्या सरकारी जंगलात हरणं मारतात ते जंगलाचे पगारी रेंजर. मुलगी रेंजर झाली. प्राण्यांचा अभ्यास केला म्हणजे ती प्राणी मोजेल, असं मी धरून चाललो होतो. ती मोजतेही, पण मोजून झाल्यावर कमीही करते.

ती म्हणाली, "पौर्णिमेच्या आधी एकदा माझ्याबरोबर या. मग बोलू." म्हणून एप्रिल संपता संपता मी तिच्याबरोबर गेलो. उजाडायच्या आधी निघायचं होतं. बायकोनं डबा दिला: तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. ती रत्नागिरीकडची आहे. प्रवास अर्ध्या तासाचा असला तरी तिच्या लेखी डबा लागतोच.

जंगलात मचाण होतं. नुसती लोखंडी शिडी झाडाला टेकवलेली, वर दोघांना बसायला फळी. समोर तोडलेल्या झाडांची मोकळी जागा होती. तिच्यात ओकची रोपं लावलेली, प्रत्येक रोपाभोवती प्लास्टिकची नळी. मुलीनं कुजबुजत सांगितलं की नळीच्या वर शेंडा आला रे आला की हरणं तो खाऊन टाकतात. या देशातले लांडगे माणसांनीच कधीचे संपवले. आता लांडग्याचं काम कोणीतरी करायला हवं, नाहीतर इथे जंगल उगवणारच नाही. तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही आणि बढाईच्याही नाही. ऑपरेशन थिएटरमधल्या ज्युनियर डॉक्टरनं केस सांगावी तसं सांगितलं.

आम्ही बसून राहिलो. पक्षी ओरडायला लागले होते आणि एकाचंही नाव मला येत नव्हतं. थंडीनं गुडघे आखडले. मला भूक लागली, म्हणून मी आवाज न करता, अगदी हळू, डबा उघडला.

"बाबा," ती पुटपुटली. "काय आहे ते?"

"बोंबील."

तिनं डोळे मिटून घेतले. मग खिशातून एक छोटी बाटली काढून दाबली. पांढऱ्या पावडरचा फवारा उडाला आणि वाऱ्याबरोबर सरळ त्या मोकळ्या जागेकडे गेला. "बघा वारा कुठे जातोय. पूर्ण यॉर्कशायरला कळलं आपण आलोय. झाकण लावा."

मी झाकण लावलं, पण उशीर झाला होता. आत झाडांमध्ये काहीतरी भुंकलं, खरबरीत, एकदाच. मला कुत्रा वाटला. ते हरीण होतं. हरणं भुंकतात हे मला इतक्या वयात पहिल्यांदाच कळलं. मुलगी म्हणाली, "गेला तो. चला, खाली उतरा." डबा गाडीत ठेवून आलो आणि मग जंगलाच्या दुसऱ्या बाजूच्या मचाणावर गेलो. तिथे वारा आमच्या तोंडावर येत होता. ती रागावली नव्हती, पण हसलीही नव्हती. लहानपणी ती चुकली की मीही बहुधा असाच तोंड मिटून बसायचो.

उजाडल्यावर टेकाडाच्या माथ्यावर एक नर आला. लहानशी शिंगं, मान ताठ. रो जातीची हरणं शेळीएवढीच असतात, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच लहान. मुलीनं रायफल उचलली, नुसतं पाहिलं आणि खाली ठेवली. मी भुवया उंचावल्या. ती म्हणाली, "मागे आभाळ आहे. गोळी कुठे थांबणार? तिकडून पब्लिक फुटपाथ जातो, लोक चालायला येतात." हरीण निघून गेल्यावर काही वेळानं त्याच माथ्यावरून पिवळा रेनकोट घातलेली एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. आम्ही इथे आहोत हे तिच्या गावीही नव्हतं.

दुसरा नर खालच्या बाजूनं आला. त्याच्या मागे मातीचा उंच बांध होता. या वेळी मुलीनं रायफल उचलली ती खाली ठेवली नाही. तिचा श्वास मला दिसत होता. आत घेतला, अर्धा सोडला आणि थांबवला. आवाज झाला, वाटला होता त्यापेक्षा कमी. हरीण दोन उड्या मारून पडलं.

मला वाईट वाटलं, आणि तिचा हात जराही हलला नाही याचं बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं. त्यातलं कोणतं आधी ते मला सांगता येणार नाही.

लगेच खाली उतरायचं नसतं. ती बसून राहिली, नजर न काढता. मग आम्ही गेलो. तिनं मागच्या बाजूनं जाऊन काठीच्या टोकानं हरणाच्या उघड्या डोळ्याला हलकेच स्पर्श केला. पापणी हलली नाही. मी नोकरीभर हेच करत आलो होतो. पेशंट झोपला का, ते पापणीच्या केसांना बोट लावून बघायचं. पापणी हलली नाही की सर्जनला मान हलवून सांगायचं, चालू करा. फरक एवढाच की माझी माणसं नंतर उठायची. हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आय नो. तुम्ही मला डॉलवर करून दाखवला होता." मला आठवत नव्हतं.

मग तिनं हातमोजे घालून हरीण साफ केलं. आतड्यांजवळच्या गाठी चाचपून पाहिल्या, काळीज उलटसुलट करून पाहिलं. रोगट प्राणी माणसांच्या खाण्यात जाऊ नये म्हणून हे बघावं लागतं. मी शेजारी उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला काही शिकवावंसं वाटलं नाही, जे घरात क्वचितच घडतं.

सगळं झाल्यावर बाटलीतल्या पाण्यानं हात धुऊन आम्ही गाडीच्या मागच्या फळीवर बसलो आणि भाकरी खाल्ली. आता वारा कुठेही गेला तरी चालणार होतं. चटणी तिला तिखट लागत होती, तरी पुन्हा पुन्हा घेत होती. तेव्हा तिनं विचारलं.

"बाबा, पहिला शील तुम्ही द्याल? मी लोकांना सांगेन का देत नाही ते. मग बाजूला होईन, तुम्ही द्या, मग पुढचे मी देते. माझ्यामुळे पहिला स्किप नको व्हायला."

"सांगशील काय?"

"जे आहे ते."

"आणि लोकांना नाही आवडलं तर?"

तिनं खांदे उडवले, पण बोटं भाकरीचा तुकडा उगाच मोडत बसली होती. मी म्हणालो, "देईन मी." मला ती तोड फारच बरी वाटली. सगळं तिथल्या तिथे राहत होतं: शील राहत होतं, मुलगी राहत होती, आणि माझा आवाज पुन्हा एकदा कामाला येत होता.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी ती हरणाची एक तंगडी घेऊन आली. रेंजर लोकांना कधीमधी मांस मिळतं. बायकोनं भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. हरणाच्या मटणाला चरबी नसते, म्हणून ते मंद आचेवर बराच वेळ ठेवावं लागतं, हे ती एव्हाना अनुभवानं शिकली होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि हाड चोखलं.

पौर्णिमेला हॉल भरला होता. ताई पुढच्या खुर्चीवर होत्या, गुडघ्यांमुळे त्यांना आता खाली बसवत नाही. मुलगी पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये होती. तिनं त्रिशरण दिलं. आवाज अजून तसाच आहे, स्वच्छ. मागे बसलेली माणसं एकमेकांकडे बघून कौतुकानं हसली. मग ती थांबली.

"पहिला शील मी देणार नाही," ती म्हणाली. "मी जंगलात काम करते, तिथे मी हरणं मारते. तो माझा जॉब आहे आणि मी तो सोडणार नाही. म्हणून हे म्हटलं तर खोटं होणार. बाबा देतील. बाकीचे मी देते. सॉरी."

कोणीतरी लहान मुलाच्या हातातलं क्रिस्पचं पाकीट काढून घेतलं. पाठीमागे एका माणसानं बायकोच्या कानात काहीतरी विचारलं आणि तिनं "श्श" केलं. ताईंचा चेहरा मला दिसत नव्हता. मी उठलो आणि पुढे गेलो. मुलगी एक पाऊल बाजूला सरकली, हात जोडून उभी राहिली.

मुलांना सोपं जावं म्हणून मी प्रत्येक शील नेहमी दोन तुकड्यांत देतो. पहिल्या तुकड्यात कशापासून दूर राहायचं ते येतं, दुसऱ्या तुकड्यात ते मी स्वीकारतो असं येतं. पहिला तुकडा मी नेहमीच्या आवाजात दिला. हॉलनं तो परत म्हटला. तेवढ्यात मी मुलीकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. इतक्या वर्षांत या ओळीत तिचा आवाज नाही असं कधी झालं नव्हतं. मारणारी गप्प उभी होती, आणि खाणारा माइकवर शील देत होता. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण सुचलं ते तिथे, सगळ्यांसमोर.

दुसरा तुकडा माझ्या तोंडातून बाहेर पडेना. झोपेतून उठवलं तरी म्हणेन अशी ती ओळ आहे. लोक थांबले. मागून एकानं हळूच मला पुढचे शब्द सांगितले, परीक्षेत सांगतात तसे. मी नकारार्थी मान हलवली. शेवटी ताईंनी खुर्चीतूनच, त्यांच्या चिरक्या आवाजात, ओळ पुरी केली आणि हॉलनं ती त्यांच्यामागून म्हटली. मी "माफ करा" म्हणून जागेवर जाऊन बसलो. मुलीनं माइक जवळ घेतला आणि दुसरं शील दिलं.

नंतर खीर वाटली. एक कुटुंब खीर न घेताच निघून गेलं. एका गृहस्थांनी मुलीला विचारलं की बंदुकीचा आवाज कानाला लागतो का. ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाल्या आणि लगेच खिरीत साखर कमी पडली म्हणून कोणावर तरी करवादल्या. माझ्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. डॉक्टरांचं वय झालं, विसरायला लागले. दोघांनी मला कोणत्या गोळ्या घ्याव्यात तेही सुचवलं. मी ऐकून घेतलं.

परत येताना गाडी मुलगी चालवत होती. तिची आई मागे, मांडीवर खिरीचा डबा धरून.

"बाबा, तुम्ही कधी विसरत नाही," मुलगी म्हणाली. "काय झालं?"

"विसरलो नाही. तू मारतेस ते मी खातो. तू गप्प राहायचं आणि मी मोठ्यानं म्हणायचं, ते जमलं नाही मला."

पुढचा सिग्नल हिरवा झाला, पण तिनं गाडी हलवली नाही. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा तिनं गाडी बसस्टॉपजवळ कडेला घेतली आणि रडायला लागली. तिला रडताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मी रुमाल पुढे केला.

"तिथे उभी होते ना," ती म्हणाली, "तेव्हा वाटलं, पूर्ण हॉलमध्ये मी एकटीच गप्प आहे."

"दोघं होतो," मी म्हणालो.

मागून तिची आई म्हणाली, "तिघं. शिजवते मी. मीही आज म्हटलं नाही."